सर्व्हर परत आला, तरी रांग का हलत नाही?

“सर्व्हर डाउन आहे. चहाबिहा पिऊन या, तासाभराने बघू.”

दिवाळीच्या आधी विट्याच्या बाजूला एका बाजारगावात हे वाक्य ऐकलं. आत्याला घेऊन सेवा केंद्रात गेलो होतो. काम चार-पाच मिनिटांचं. एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर आणि हे सगळं एकट्याने चालवणारा माझ्याच वयाचा पोरगा. आम्ही पोहोचलो तेव्हा बाहेर बाकावर तिघीच बसल्या होत्या, म्हटलं अर्ध्या तासात सुटू. मग पलीकडे एसटी थांबली आणि एकदम सात-आठ जण रस्ता ओलांडून आत आले. त्यातले दोघे ओळखीचे, ते “फक्त एक झेरॉक्स” म्हणत पुढे गेले. आणि मग स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं.

तासाभराने सर्व्हर आला. आमचा नंबर लागला तेव्हा दिवेलागण झाली होती.

निघताना त्या पोराला विचारलं, रोज असंच का? तो म्हणाला, “दादा, मलाच कळत नाही. दिवसाला शंभरेक माणसं येतात. मी आठ तासांत एकशेवीस उरकू शकतो. म्हणजे माझ्याकडे वीस माणसांची जागा शिल्लक आहे. तरी रांग लागतेच कशी?”

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि मंत्रालयात बसून पोर्टलची तारीख ठरवणाऱ्यांनाही तो पडायला हवा, कारण सरासरीचा हाच हिशेब तिथेही चालतो. एवढे लाभार्थी, इतके दिवस, दिवसाला इतके, सर्व्हर तेवढं झेपवतो, झालं. या हिशेबात चूक नाही, पण रांगेबद्दल तो काहीच सांगत नाही.

आधी साधी रांग

रांगांचं गणित मोबाईलपेक्षा खूप जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग याने १९०९ मध्ये त्यावरचा पहिला लेख लिहिला. किती लाइनी टाकल्या म्हणजे कॉल करणाऱ्याला फार थांबावं लागणार नाही, हा त्याचा प्रश्न होता. या गणितात ‘सर्व्हर’ म्हणजे सेवा देणारा कुणीही. तिकीट खिडकीवरचा कारकून, न्हावी, टोलनाक्याची लेन, सगळे सर्व्हर. त्यामुळे आपल्या केंद्रात दोन सर्व्हर आहेत, एक तो पोरगा आणि एक कुठेतरी लांब डेटा सेंटरमध्ये. दुसरा बंद पडला की पहिलाही हात बांधून बसतो.

पोराचेच आकडे घेऊ. एका कामाला सरासरी ४ मिनिटं, म्हणजे तासाला १५ कामं. माणसं तासाला सरासरी १२. म्हणजे तो ८० टक्के वेळ कामात, २० टक्के वेळ मोकळा. माणसं एकेकटी, आपापल्या सवडीने येतात आणि सर्व्हर कधीच पडत नाही, असं धरलं तर आपला नंबर येईपर्यंत सरासरी १६ मिनिटं थांबावं लागतं. पोरगा पाचातला एक भाग वेळ रिकामा बसलेला असूनही १६ मिनिटं. कारण त्याचा सकाळी १० वाजताचा रिकामा वेळ दुपारी दोनच्या गर्दीला वापरता येत नाही. रिकामा वेळ साठवून ठेवायला पिंप मिळत नाही.

१६ मिनिटं कुणालाही चालतील. आता त्यात एसटी आणू.

एसटीतून उतरलेली माणसं

माणसं तेवढीच, तासाला १२. फक्त एकेकटी येण्याऐवजी सहा-सहाच्या गटाने येतात. पोराचा वेग तोच. सरासरी थांबण्याची वेळ १६ मिनिटांवरून ६६ मिनिटांवर जाते.

हे सूत्र इतकं सोपं आहे की पाठ होईल. सगळे गट सारख्या आकाराचे असतील, तर गटातल्या माणसांत एक मिळवायचा आणि दोनने भागायचं. केंद्रातली गर्दी सरासरी तेवढ्या पटीने वाढते. सहाचा गट असेल तर साडेतीन पट. आधी सरासरी ४ माणसं असायची, आता १४. वीस-वीसच्या गटाने आली तर साडेदहा पट. एकूण माणूस एकही वाढलेला नाही, हे लक्षात ठेवा.

गट लहान-मोठे असतील तर आणखी वाईट होतं, आणि त्याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात गमतीशीर वाटतं. समजा एका गाडीतून २ माणसं उतरली आणि दुसऱ्या गाडीतून २०. कंडक्टरला विचारलं तर सरासरी ११. पण प्रत्येक प्रवाशाला विचारलं की “तुझ्याबरोबर किती उतरले?”, तर दोघे सांगतील २ आणि वीस जण सांगतील २०. त्याची सरासरी येते १८ च्या वर. म्हणजे ऑफिसच्या तक्त्यात दिसणारी गर्दी आणि माणसाला भोगावी लागणारी गर्दी वेगळी असते. अधिकारी म्हणतो “सरासरी अकराच”, आणि रांगेतली बाई म्हणते “मी जाते तेव्हा कायम गर्दी”. दोघंही खरं बोलतात. मोठ्या गटात माणसं जास्त असतात, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला मोठाच गट येतो.

गट फक्त एसटीमुळे तयार होत नाही. आठवडी बाजाराचा दिवस हा गट आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला “उद्या शेवटची तारीख” हा मेसेज म्हणजे तर दहा एसट्या. टीव्हीवरची एक पट्टी म्हणजे अख्खा डेपो.

आणि मग ते गोल चक्र

आता सर्व्हर पडू द्या. समजा नऊ तास काम झालं की सरासरी एकदा तो तासभर पडतो. म्हणजे ९० टक्के वेळ सुरू. कागदावर ९० टक्के हा काही नापास होण्याचा आकडा नाही.

माणसं एकेकटी येत असतील तरी १६ मिनिटांची सरासरी ६० मिनिटांच्या आसपास जाते. आणि सहा-सहाचे गट अधिक तासाभराचा बंद, असं दोन्ही एकत्र आलं की १६० मिनिटं. दोन तास चाळीस मिनिटं. नुसते गट असते तर ६६, नुसता बंद असता तर ६०, दोन्ही मिळून १६०. संकटं एकमेकांत नुसती मिळवली जात नाहीत, एकमेकांना फुगवतात.

(हे दीर्घकाळच्या सरासरीचे आकडे आहेत, केंद्र कधीच बंद होत नाही असं धरून काढलेले. खऱ्या केंद्राला सहा वाजता कुलूप लागतं आणि उरलेल्यांना “उद्या या” सांगितलं जातं. त्यामुळे ती माणसं रांगेत दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच येऊन बसलेली दिसतात.)

तासभर बंद पडल्यावर तासाभराचंच नुकसान व्हायला हवं ना? इथेच बहुतेकांची फसगत होते. त्या तासात १२ माणसं साचली. सर्व्हर आला तरी नवी माणसं तासाला १२ येतच आहेत आणि पोरगा तासाला १५ उरकतो. म्हणजे साचलेल्यांसाठी त्याच्याकडे तासाला फक्त ३ माणसांची जागा आहे. १२ भागिले ३. तासाभराच्या बंदची भरपाई व्हायला चार तास. आणि शेवटच्या आठवड्यात तासाला १४ माणसं येत असतील, तर साचलेली १४ फेडायला तासाला एकच जागा, म्हणजे चौदा तास. पोर्टलच्या वतीने “तांत्रिक अडचण दूर झाली आहे” असा खुलासा येतो तेव्हा तो खरा असतो. फक्त रांगेची अडचण तिथून पुढे सुरू झालेली असते.

आणखी एक गोष्ट. ९० टक्के हा आकडा ऐकून काही कळत नाही. ५४ मिनिटं काम आणि ६ मिनिटं बंद, हेही ९० टक्केच. ४५ तास काम आणि सलग ५ तास बंद, हेही ९० टक्केच. माणसं एकेकटी येतात असं धरून मोजलं, तर पहिल्या प्रकारात थांबण्याची सरासरी ३८ मिनिटं, तासाभराच्या बंदमध्ये ६०, आणि पाच तासांच्या बंदमध्ये १५६. सर्व्हर किती वेळा पडतो यापेक्षा पडल्यावर किती वेळ पडून राहतो, हे जास्त महाग पडतं, कारण या गणितात बंदच्या वेळेचा वर्ग येतो. काम मध्येच तुटणाऱ्या रांगेचं हे विश्लेषण डी. पी. गॅव्हर याने १९६२ मध्ये मांडलं. म्हणजे वेबसाइट नावाची वस्तू जन्मायच्या तीस वर्षं आधी.

लाडक्या बहिणींची दोन ओटीपीची रांग

आता केंद्रातून राज्यावर येऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जूनअखेर जाहीर झाली, महिना १५०० रुपये. अर्जाची पहिली मुदत १५ जुलै २०२४ होती, ती ३१ ऑगस्टपर्यंत गेली. मग १८ सप्टेंबर २०२५ ला शासनाने सगळ्या लाभार्थ्यांना ई-केवायसी सक्तीची केली, मुदत दोन महिने. ती १८ नोव्हेंबरला संपणार होती, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. मधल्या काळात ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून झाल्या, आणि महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीही ओटीपीची तांत्रिक अडचण असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

सरासरीचा हिशेब करून बघा. लाभार्थी दोन कोटी धरा. ६० दिवस. दिवसाचे बारा तास धरले तरी सेकंदाला आठसुद्धा होत नाहीत. आजच्या सर्व्हरला हे काहीच नाही. पण अर्ध्या बायका शेवटच्या पाच दिवसांत आल्या असं समजा (आपण वीजबिल कधी भरतो ते आठवा), तर आकडा सेकंदाला ४६ होतो. सहापट. ही सगळ्यात मोठी एसटी, आणि तिचं वेळापत्रक शासनानेच छापलेलं आहे.

त्यात इथे ओटीपी दोन. एक बाईच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर, दुसरा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. आपल्या भागात याचा अर्थ काय होतो, ते पुण्या-मुंबईत बसून कळणार नाही. जावळी-पाटणचा नवरा मुंबईत माथाडी. खानापूर-आटपाडीचा नवरा गलाईच्या दुकानात, कोइमतूरला नाहीतर आणखी कुठे तिकडे, समोर भट्टी पेटलेली. बाई केंद्रात बसलेली, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि तो फोन उचलेपर्यंत मागची अख्खी रांग थांबलेली. कामाची वेळ सरासरी ४ मिनिटं असली तरी कुणाचं दोन मिनिटांत होतं आणि कुणाचं वीस मिनिटांत. या चढउतारालाही रांग पैसे मोजते.

दोन ओटीपी म्हणजे दोन दरवाजे एकापाठोपाठ. उदाहरणादाखल धरा, प्रत्येक ओटीपी वेळेवर पोहोचण्याची शक्यता ९० टक्के. दोन्ही पोहोचण्याची शक्यता ८१ टक्के. उरलेल्या १९ टक्के बायका घरी जाऊन गप्प बसत नाहीत, पुन्हा प्रयत्न करतात. त्यातल्या काही तिसऱ्यांदा. सरासरी प्रत्येकीमागे सव्वा प्रयत्न पडतो. जी यंत्रणा ८० टक्के भरलेली होती ती जवळपास ९९ टक्के भरते. आणि रांगेच्या गणितात ८० आणि ९९ यांच्यात एकोणीसचा फरक नसतो. ८० टक्क्यांना सरासरी ४ माणसं असतात तिथे आता ८०. वीसपट. नवी बाई एकही आलेली नाही, आहेत त्याच परत येताहेत.

‘रीसेंड’ दाबणारं बोट

इथे थोडं आपल्याबद्दल. आईची, काकूची, शेजारच्या वहिनींची केवायसी करून देणारे आपणच असतो. आणि ओटीपी नाही आला की ‘रीसेंड’वर बोट आपटणारेही आपणच. लिफ्टचं बटण चार वेळा दाबलं तर काही बिघडत नाही, कारण लिफ्टला चारही दाबणं मिळून एकच समजतं. सर्व्हरचं तसं नसतं. प्रत्येक दाबणं ही नवी विनंती, रांगेत नवा माणूस. बहुतेक ठिकाणी नवा ओटीपी मागितला की जुना बाद होतो. म्हणजे उशिरा का होईना पण निघालेला, वाटेत असलेला ओटीपी आपणच मारून टाकतो. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. तेवढा धीर धरायला हरकत नाही.

माणसांनीच नाही, मशीननीही हे केलेलं आहे. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडकलं होतं, आठवत असेल. दुकानात क्यूआर समोर आणि खिशात सुट्टे नाहीत. एनपीसीआयने नंतर सांगितलेल्या कारणात हेच होतं. व्यवहार झाला की नाही, हे बँकांच्या सिस्टीमकडून पुन्हा पुन्हा विचारलं जात होतं आणि त्या विचारणांचाच पूर आला. मग नियम आले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो आणि ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळा सोडून होते. तेव्हा बरेच जण चिडले होते, की ५० ची मर्यादा कशाला. ५० वेळा बॅलन्स बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

यावरचा उपाय नेटवर्कवाल्यांना १९७० च्या दशकापासून माहीत आहे. इथरनेटच्या तारेवर दोन संगणक एकदम बोलले की दोघंही गप्प बसतात आणि प्रत्येक जण मनाने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा बोलतो. पुन्हा धडकले तर थांबण्याचा पल्ला दुप्पट. यातलं ‘वेगवेगळा वेळ’ हे महत्त्वाचं. सगळे बरोब्बर एका मिनिटाने परत आले तर ती पुन्हा एसटीच झाली. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता १८ वर्षांवरच्यांसाठी कोविनची नोंदणी उघडली, तेव्हा देशभरच्या तरुणांनी ३:५९ पासून बोट तयार ठेवलं होतं. ते पोर्टल तिथेच अडखळलं, त्यात नवल नाही. ‘चार वाजता’ हेच चुकलं होतं.

साखर कारखान्याला जे कळतं

मला खरं आश्चर्य या गोष्टीचं वाटतं की याच पट्ट्यात, डोळ्यांसमोर, ही रांग रोज सांभाळली जाते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, कराडशेजारचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुठलाही कारखाना घ्या. गाड्या गटानेच येतात, कारण टोळीची तोड झाली की भरलेल्या गाड्या एकामागोमाग निघतात. बैलगाड्या, अंगद, दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. दिवसा येतात भरमसाठ, पहाटे तुरळक. गाळप मात्र चोवीस तास. आणि मिल बंद पडते. कधी बॉयलर, कधी गव्हाणीतच काही अडकतं. म्हणजे गटाने येणारे ग्राहक आणि मध्येच बंद पडणारा सर्व्हर. पुस्तकातली रांग जशीच्या तशी.

फरक एवढाच, की इथे थांबणाऱ्याचं नुकसान काट्यावर दिसतं. तोडलेल्या उसाचं वजन घटतं, साखर उतरते, आणि ते शेतकऱ्यालाही लागतं आणि कारखान्यालाही. म्हणून कारखाना सगळ्यांना “पंधरा नोव्हेंबरच्या आत ऊस आणून टाका” असं सांगत नाही. असं सांगितलं तर काय होईल, कल्पना करा. इस्लामपूरपासून कराडपर्यंत ट्रॉल्या लागतील.

त्याऐवजी लागणीच्या वेळीच नोंद होते. जात आणि लागणीची तारीख बघून शेतकी विभाग तोडीचा क्रम लावतो. चिटबॉय फडात चिठ्ठी देतो, तेव्हा कोयता पडतो. आवारात थोड्या गाड्या मुद्दाम शिल्लक ठेवल्या जातात, म्हणजे पहाटे मिल उपाशी राहत नाही. आणि मिल मोठ्या दुरुस्तीला बंद पडली, की निरोप थेट फडात जातो, तोड थांबवा. रांग काट्यासमोर साचू न देता उभ्या उसात थांबवली जाते, जिथे थांबण्याने कमी बिघडतं. क्रम मोडल्याच्या, वशिल्याच्या तक्रारी दर हंगामात असतातच, ते काही रामराज्य नाही. पण मूळ व्यवस्था बरोबर आहे. येणाऱ्याची वेळ ठरवून द्या, आणि बंद पडलं तर येणाऱ्याला तो घरी असतानाच सांगा.

आता हेच केवायसीला लावून बघा. दोन कोटी बायकांना एकच तारीख देण्याऐवजी जन्ममहिन्यानुसार किंवा तालुक्यानुसार आठवडे वाटून देता आले असते. मोबाईल नंबर शासनाकडे आहेतच, एसएमएस टप्प्याटप्प्याने पाठवता येतो. चुकलेल्यांसाठी शेवटी मोकळे पंधरा दिवस ठेवायचे. सर्व्हर बंद असेल तर गोल चक्र फिरवत ठेवण्याऐवजी पानावर स्पष्ट लिहायचं, “बंद आहे, दुपारी तीननंतर या.” मुळात हे सगळं करायला नवा सर्व्हर लागत नाही.

मुदतवाढ हा उपाय का नाही, तेही यातून दिसतं. मुदत वाढवली की सरासरी कमी होते, पण गट तसाच राहतो, फक्त नव्या तारखेवर जाऊन बसतो. शिवाय दोनदा मुदतवाढ झाली की लोक शिकतात की ती होतेच, आणि तिसऱ्या वेळी आणखी जास्त जण शेवटच्या दिवसासाठी थांबतात. लोकांना आळशी म्हणून उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात जाऊन ओटीपीच आला नाही आणि दिवसाची मजुरी बुडाली, असा अनुभव ज्या बाईने घेतला आहे, तिने थांबणं हा तिच्या बाजूने शहाणपणाचाच हिशेब आहे. फक्त सगळ्याजणींनी तोच हिशेब केला की शेवटचा आठवडा तयार होतो.

आपल्या हातात जे आहे ते थोडं आहे. घरच्या घरी स्वतःच्या फोनवर होणारं काम असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे करावं, ओटीपी ज्याच्याकडे येणार त्याला आधी फोन करून ठेवावा, आणि काम अडलं तर लगेच पुन्हा न करता काही तासांनी, भलत्याच वेळी करावं. म्हणजे १० वाजता नाही, १०:३७ ला.

त्या पोराला मी हे सगळं नंतर फोनवर सांगितलं. वहीत नंबर लिहून घे, लोकांना वेळ दे, सर्व्हर पडला तर ग्रुपवर टाक म्हणजे घरून निघणार नाहीत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दादा, वेळ देईन मी. साडेबाराची म्हणाल तर साडेबाराची. पण त्यांच्या वाडीला गाडी सकाळी एक आणि दुपारी एक, दोनच. साडेबाराला येऊन ती म्हातारी बसणार कुठं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता तो जवळच्या गावातल्या, दुचाकीवाल्या लोकांना सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर बोलावतो, आणि मधला वेळ एसटीने येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतो. अकरा ते एक बरंच हलकं झालंय म्हणतो. दुपारच्या गाडीचं मात्र अजून तसंच आहे.